विश्लेषण : जवानांच्या तक्रारी रायफलीत का उतरत नाहीत? ‘इन्सास’चा धडा काय?

उत्तर प्रदेशातील कोरवा येथे तयार होणाऱ्या ‘एके-२०३’ रायफली लष्कराच्या तुकड्यांपर्यंत पोहोचू लागल्या आहेत आणि पुण्यात विकसित झालेली ‘इन्सास’ टप्प्याटप्प्याने निवृत्त होत आहे. कारगिलपासून छत्तीसगडच्या जंगलांपर्यंत वापरल्या गेलेल्या या रायफलीबद्दल जवानांच्या तक्रारी पहिल्या काही वर्षांतच सुरू झाल्या होत्या. ती अडकते, थंडीत तिचे मॅगझिन तडकते, ती पूर्ण स्वयंचलित चालत नाही, तिच्यावर आधुनिक दुर्बीण बसवण्याची सोय नाही, असे हे आक्षेप होते. त्यातील काही दूर झाले, काही शेवटपर्यंत राहिले. शस्त्र वापरणाऱ्याची तक्रार ते बनवणाऱ्यापर्यंत पोहोचून सुधारणेत का उतरली नाही आणि आता परिस्थिती बदलली आहे का, याचा हा आढावा.

‘इन्सास’ची गरज का भासली?

‘इन्सास’ हे ‘इंडियन स्मॉल आर्म्स सिस्टीम’ या नावाचे लघुरूप. १९८०च्या दशकापर्यंत भारतीय पायदळाच्या हाती ७.६२ बाय ५१ मिमी काडतुसाची ‘एसएलआर’ अर्थात स्वयंभरण रायफल होती. ती दणकट आणि दूरवर मारा करणारी होती, पण लांब आणि जड. चाप एकदा दाबला की एकच गोळी सुटे. तोपर्यंत जगातील बहुतेक मोठी सैन्यदले लहान आणि हलक्या काडतुसाकडे वळली होती. हलके काडतूस म्हणजे तेवढ्याच वजनात जवानाला अधिक गोळ्या नेता येतात आणि खांद्याला बसणारा धक्काही कमी असतो. भारताने ५.५६ बाय ४५ मिमी हे काडतूस निवडले.

रायफल, हलकी मशीनगन आणि कार्बाइन अशा तीन शस्त्रांचे एकच कुटुंब तयार करण्याचे काम संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या म्हणजे डीआरडीओच्या पुण्यातील पाषाण येथील प्रयोगशाळेकडे, एआरडीईकडे आले. उत्पादन आयुध निर्माणी मंडळाच्या इशापूर, कानपूर आणि तिरुचिरापल्ली येथील कारखान्यांत, तर काडतुसे जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीत, अशी विभागणी झाली. रायफल तयार होत असताना तिची काडतुसे देशात पुरेशी बनत नव्हती, त्यामुळे ती लष्कराला मिळण्यास विलंब झाला. मधल्या काळात दहशतवादविरोधी कारवायांसाठी ‘एके’ प्रकारच्या रायफली आयात कराव्या लागल्या. १९९८च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात ‘इन्सास’ झळकली आणि पुढच्याच वर्षी कारगिलच्या शिखरांवर तिची कसोटी लागली.

रचनेत अनेक शस्त्रांचे गुण एकत्र करण्याचा प्रयत्न होता. आतील यंत्रणा ‘एके’च्या धर्तीची आणि वायूचा दाब कमी-जास्त करण्याची सोय ‘एसएलआर’च्या मूळ बेल्जियन घराण्यातली होती. चाप दाबल्यावर एक गोळी किंवा तीन गोळ्यांची झोड, असे दोनच पर्याय ठेवले होते. काडतुसे वाया जाऊ नयेत म्हणून पूर्ण स्वयंचलित माऱ्याची सोय जाणीवपूर्वक वगळण्यात आली. किती गोळ्या शिल्लक आहेत ते दिसावे म्हणून मॅगझिन अर्धपारदर्शक प्लास्टिकचे होते. कागदावर यातील प्रत्येक निर्णयामागे कारण होते. तक्रारी नेमक्या याच निर्णयांबद्दल आल्या.

रायफल ‘अडकते’ म्हणजे नेमके काय होते?

गोळी सुटताना काडतुसातील स्फोटक जळून मोठ्या दाबाचा वायू तयार होतो. त्यातील थोडा वायू नळीतील छिद्रातून वर घेतला जातो आणि तो दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्यासोबत बोल्ट मागे येतो, रिकामी पुंगळी बाहेर फेकतो आणि स्प्रिंगच्या जोराने पुढे जाताना मॅगझिनमधील पुढचे काडतूस चेंबरमध्ये बसवतो. हे सगळे सेकंदाच्या एका अंशात घडते.

या साखळीतील एकही कडी कमकुवत असली तर रायफल अडकते. मॅगझिनचे तोंड जरा वाकले किंवा तडकले तर काडतूस तिरपे वर येते. वायू कमी पडला तर बोल्ट पुरेसा मागे जात नाही. काडतुसातील स्फोटक काजळी धरणारे असेल तर चेंबरमध्ये पुंगळी चिकटते. उणे तापमानात वंगण घट्ट होते, तर वाळवंटात तेलावर वाळू बसून लगदा होतो. त्यामुळे ‘रायफल खराब आहे’ या वाक्याचा अर्थ रचना, साहित्य, उत्पादन, काडतूस किंवा देखभाल यांपैकी काहीही असू शकतो. दोष नेमका कुठे आहे हे शोधायचे तर प्रत्येक बिघाडाची नोंद हवी. कोणत्या तुकडीत, किती फैरींनंतर, कोणत्या हवामानात, कोणत्या गटातील काडतुसांनी तो झाला हे कळले तरच सुधारणा करता येते.

पहिल्या तक्रारी कुठून आल्या?

कारगिलमधून. १९९९च्या लढाईत अतिउंच आणि अतिथंड भागात ‘इन्सास’ वापरली गेली, तेव्हा ती अडकण्याच्या आणि थंडीने मॅगझिन तडकण्याच्या तक्रारी झाल्या. तीन गोळ्यांच्या झोडीवर खटका ठेवला असताना रायफल सलग गोळ्या झाडत असल्याचेही सांगण्यात आले. नेम धरणाऱ्याच्या डोळ्यात तेल उडण्याची तक्रार होती. हलक्या मशीनगनच्या वापरात काही जवानांना इजा झाल्याचेही समोर आले.

यापैकी मॅगझिनची तक्रार बोलकी आहे. गोळ्या मोजता याव्यात म्हणून निवडलेले प्लास्टिक हिमालयातील थंडीत ठिसूळ ठरले. कारखान्यात आणि मैदानी चाचण्यांत चांगली वाटलेली सोय प्रत्यक्ष रणभूमीवर अडचण झाली. जगातील सर्वांत उंच युद्धभूमीवर कायम सैन्य ठेवणाऱ्या देशाच्या रायफलीबाबत हे घडायला नको होते.

नेपाळचा आक्षेप काय होता?

भारताने माओवाद्यांशी लढणाऱ्या नेपाळच्या तत्कालीन शाही सेनेलाही सवलतीच्या दरात ‘इन्सास’ दिल्या होत्या. ऑगस्ट २००५ मध्ये कालिकोट जिल्ह्यातील पिली येथील लष्करी तळावर माओवाद्यांनी हल्ला केला आणि त्यात ४३ सैनिक मारले गेले. त्यानंतर शाही सेनेच्या प्रवक्त्याने ‘इन्सास’ निकृष्ट असल्याचा जाहीर आरोप केला. दीर्घकाळ चाललेल्या चकमकीत रायफली तापून बंद पडल्या, असे त्यांचे म्हणणे होते. भारतीय दूतावासाकडून आलेले उत्तर होते, की हा अयोग्य वापराचा किंवा देखभालीच्या अभावाचा परिणाम असू शकतो आणि हवे असल्यास आम्ही प्रशिक्षण देऊ.

या वादाला राजकीय किनारही होती. त्याच वर्षी फेब्रुवारीत राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हाती घेतल्यावर भारताने नेपाळचा शस्त्रपुरवठा थांबवला होता. तळाच्या सुरक्षेतील त्रुटींचे खापर शस्त्रावर फोडणेही सोयीचे होते. तरीही उत्पादक देशाने दिलेले उत्तर शस्त्रव्यवहारात जगभर ऐकू येणारे आहे. शस्त्र नीट आहे, वापरणाऱ्याला ते वापरता येत नाही. हे काही वेळा खरे असते. मात्र पडताळणी होण्याआधीच असे उत्तर दिले गेले की तक्रार तिथेच थांबते.

निमलष्करी दलांचे म्हणणे काय होते?

नक्षलग्रस्त भागात तैनात असलेले केंद्रीय राखीव पोलीस दल म्हणजे सीआरपीएफ हे ‘इन्सास’चे दुसरे मोठे ग्राहक. त्यांची लढाई वेगळी आहे. घनदाट जंगल, पावसाळी हवा, चिखल आणि अगदी जवळून, अचानक सुरू होणारा गोळीबार. अशा वेळी पहिल्या काही सेकंदांत जास्तीत जास्त मारा करता येणे हाच बचाव असतो. चारशे मीटरवर नेमका वार करण्याच्या क्षमतेपेक्षा न अडकणारे, आखूड आणि पूर्ण स्वयंचलित शस्त्र तिथे उपयोगी पडते.

नोव्हेंबर २०१४ मध्ये सीआरपीएफने ‘इन्सास’ बदलून देण्याची मागणी केली. ‘एके’ मालिकेतील रायफली आणि इस्रायली ‘एक्स-९५’ यांच्या तुलनेत ‘इन्सास’ अधिक वेळा अडकते, असे तत्कालीन महासंचालक दिलीप त्रिवेदी यांनी उघडपणे सांगितले. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१५ मध्ये, या दलातील काही ‘इन्सास’च्या जागी ‘एके-४७’ देण्याचा निर्णय झाला.

येथे एक फरक लक्षात घेण्याजोगा आहे. सीआरपीएफ गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येते. रायफल बनवणारे कारखाने संरक्षण मंत्रालयाचे होते. ग्राहक आणि उत्पादक एकाच छताखाली नसल्याने दलाला तक्रार जाहीर करणे आणि पर्याय मागणे तुलनेने सोपे गेले. पुढे आयुध निर्माणीच्या तिरुचिरापल्ली कारखान्याने ‘एके’च्या धर्तीवरील ७.६२ बाय ३९ मिमी रायफल तयार करून ती निमलष्करी दलांसाठी आणि राज्यांच्या पोलिसांसाठी देऊ केली. ग्राहकाला दुसरे दुकान दिसल्यावर कारखान्याने त्याला हवा तसा माल बनवला.

मग सुधारणा झाल्याच नाहीत का?

झाल्या. कारगिलनंतर ‘१बी१’ ही सुधारित आवृत्ती आली. विश्वासार्हतेचे काही प्रश्न त्यात सोडवण्यात आले, पण मॅगझिन तुटण्याच्या तक्रारी थांबल्या नाहीत. दुमडता येणाऱ्या दस्त्याच्या आवृत्त्याही आल्या. पुढे एआरडीईने ‘एक्सकॅलिबर’ नावाची रायफल विकसित केली. तिची नळी ‘इन्सास’पेक्षा आखूड होती, पूर्ण स्वयंचलित मारा करता येत होता, दस्ता दुमडता येत होता. दुर्बीण, टॉर्च किंवा लेझर बसवण्यासाठी वर पिकॅटिनी रेल म्हणजे खाचा पाडलेली धातूची पट्टी होती.

ग्राहकांनी जे मागितले होते त्यातील बरेचसे ‘एक्सकॅलिबर’मध्ये आले होते, पण ते आले तेव्हा दीड दशक उलटून गेले होते आणि ग्राहकाची गरज बदलली होती. २०१६ मध्ये लष्कराने पुन्हा मोठ्या, ७.६२ बाय ५१ मिमी काडतुसाच्या रायफलीकडे वळण्याचे ठरवले आणि ‘एक्सकॅलिबर’ मागे पडली. इशापूरच्या कारखान्याने नव्या काडतुसाची रायफल पुढे केली. जून २०१७ मध्ये लष्कराने तीही चाचणीत नाकारली. बिघाडांचे आणि अडकण्याचे प्रमाण परवानगी असलेल्या मर्यादेच्या कितीतरी पट जास्त असल्याचे कारण देण्यात आले. ज्या दोषासाठी ‘इन्सास’ बदलायची होती, त्याच दोषावर तिची वारसदार अडली.

तक्रार नेमकी अडत कुठे होती?

बाजारातील ग्राहकाकडे दोन साधने असतात. वस्तू नको म्हणण्याचा अधिकार आणि दुसरीकडून घेण्याची सोय. ‘इन्सास’च्या बाबतीत वापरणारा जवान एक, पैसे देणारे संरक्षण मंत्रालय दुसरे, रचना करणारी प्रयोगशाळा तिसरी, बनवणारा कारखाना चौथा आणि दर्जा तपासणारे गुणवत्ता आश्वासन महासंचालनालय पाचवे अशी विभागणी होती. जवान वगळता या सर्वांची अंतिम जबाबदारी एकाच मंत्रालयाकडे होती. महासंचालनालय तर ज्या संरक्षण उत्पादन विभागाकडे कारखाने होते त्याच विभागाचा भाग होते.

यातून दोन गोष्टी घडल्या. एक म्हणजे दोषाची जबाबदारी फिरत राहिली. कारखाना आराखड्याकडे बोट दाखवी, प्रयोगशाळा उत्पादनातील ढिलाईकडे, आणि दोघेही देखभालीकडे. दुसरे म्हणजे आयुध निर्माणी मंडळाला लष्कराची मागणी नामांकनाने, म्हणजे स्पर्धेशिवाय मिळत असे. दर्जा सुधारला नाही म्हणून मागणी गेली, असे सहसा होत नसे. चांगली रायफल बनवल्याने कारखान्याला विशेष लाभ नाही आणि वाईट बनवल्याने विशेष तोटा नाही, अशा व्यवस्थेत एखाद्या कामगाराच्या किंवा अभियंत्याच्या कौशल्याला दोष देण्यात अर्थ नाही. याच कारखान्यांत तयार झालेली जुनी ‘एसएलआर’ अनेक सैनिकांच्या आठवणीत आजही भरवशाची रायफल आहे.

ग्राहकाचेही चुकते का?

हो, आणि हा भाग चर्चेत अनेकदा सुटतो. २०११ मध्ये लष्कराने सुमारे ६६ हजार रायफलींसाठी जागतिक निविदा काढली. एकाच रायफलीची नळी बदलून ५.५६ मिमी आणि ७.६२ बाय ३९ मिमी अशी दोन्ही काडतुसे वापरता आली पाहिजेत, अशी अट होती. कोल्ट, बेरेटा, सिग सॉअर यांच्यासह पाच परदेशी कंपन्या स्पर्धेत उतरल्या. अपेक्षेप्रमाणे एकही रायफल ठरली नाही आणि २०१५ मध्ये निविदा रद्द झाली. चार वर्षे गेली, जवानांच्या हाती काही आले नाही.

आधी मोठे काडतूस, मग लहान, मग दोन्ही, मग पुन्हा मोठे, अशी मागणी बदलत गेली तर कोणत्याही उत्पादकाला सुधारणेचे लक्ष्य धरता येत नाही. लष्कर आपल्या अपेक्षा ज्या दस्तऐवजात मांडते त्याला गुणात्मक गरजांचा मसुदा म्हणतात. त्यात जगातील प्रत्येक रायफलीचे उत्तम गुण एकत्र मागितले गेले की चाचणीत सगळेच नापास होतात.

याचे उलट उदाहरण जर्मनीचे. अफगाणिस्तानातील अनुभवानंतर तेथील ‘जी-३६’ रायफल सलग माऱ्याने तापली की नेम ढळतो, अशी तक्रार पुढे आली. २०१५ मध्ये तत्कालीन संरक्षणमंत्री उर्सुला फॉन डेर लायन यांनी या रायफलीला सैन्यात भवितव्य नसल्याचे जाहीर केले. सरकारने उत्पादक हेकलर अँड कोखकडे भरपाईची मागणी केली. मात्र २०१६ मध्ये कोब्लेन्झच्या न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. करारात जे मागितले होते ते कंपनीने दिले होते. तापलेल्या रायफलीची अचूकता किती असावी, हे ग्राहकाने वेळीच लिहून घेतले नव्हते.

इतर देशांत तक्रारींमुळे रायफली सुधारल्या का?

सर्वांत गाजलेले उदाहरण अमेरिकेच्या ‘एम-१६’चे. १९६५-६६ पासून ती व्हिएतनाममध्ये मोठ्या प्रमाणावर पोहोचली आणि ऐन चकमकीत अडकू लागली. बंद पडलेल्या रायफलीशेजारी मृत सैनिक सापडल्याच्या बातम्या आल्या. सैनिकांनी घरी पत्रे लिहिली, घरच्यांनी ती लोकप्रतिनिधींना दाखवली. १९६७ मध्ये रिचर्ड आयकॉर्ड यांच्या अध्यक्षतेखालील संसदीय उपसमितीने चौकशी केली. काडतुसातील स्फोटकाचा प्रकार पुरेशा चाचण्यांशिवाय बदलला होता, चेंबरला क्रोमियमचा मुलामा नव्हता आणि सैनिकांना सफाईचे साहित्य व प्रशिक्षण पुरेसे मिळाले नव्हते, ही कारणे पुढे आली. चेंबरला मुलामा देण्यात आला, झटका सोसणाऱ्या भागात बदल झाले, सफाईचे संच आणि सोपी चित्रमय पुस्तिका वाटण्यात आली. ‘एम-१६ए१’ आणि तिच्या पुढच्या आवृत्त्या अनेक दशके वापरात राहिल्या.

ब्रिटनच्या ‘एसए-८०’ रायफलीला जास्त वेळ लागला. १९८५ मध्ये दाखल झालेली ही रायफल १९९१च्या आखाती युद्धात वाळूत अडकू लागली. सुरुवातीला सरकारने तक्रारी फेटाळल्या. अखेर २००० मध्ये सुमारे दोन लाख शस्त्रांच्या फेरबांधणीचे काम मूळ कारखान्याऐवजी हेकलर अँड कोखकडे देण्यात आले आणि त्यावर सुमारे ९ कोटी २० लाख पौंड खर्च झाले. बोल्ट, मॅगझिन, स्प्रिंग, पुंगळी ओढणारा आकडा असे बरेच भाग बदलले गेले. सुधारित ‘ए२’ आवृत्तीने इराक व अफगाणिस्तानात काम केले.

दोन्ही ठिकाणी रायफल मुळातून फेकून दिली गेली नाही. दोष मान्य केला गेला, तो कुठे आहे हे शोधले गेले आणि दुरुस्तीची जबाबदारी एका ठिकाणी निश्चित झाली. अमेरिकेत हे संसदेच्या दबावाने झाले, ब्रिटनमध्ये काम बाहेरच्या कंपनीला दिल्याने झाले. ‘इन्सास’बाबत यापैकी काहीही पूर्णपणे घडले नाही.

नव्या रायफलींमुळे प्रश्न सुटला का?

काही प्रमाणात. फेब्रुवारी २०१९ मध्ये अमेरिकेच्या सिग सॉअर कंपनीकडून ७२,४०० ‘सिग-७१६’ रायफली जलद प्रक्रियेने घेण्याचा करार झाला. त्या ७.६२ बाय ५१ मिमीच्या असून सीमेवरील तुकड्यांसाठी आहेत. २०२४ मध्ये आणखी सुमारे ७३ हजारांची मागणी नोंदवण्यात आली. उर्वरित मोठी गरज भागवण्यासाठी डिसेंबर २०२१ मध्ये रशियासोबत सहा लाखांहून अधिक ‘एके-२०३’ भारतात बनवण्याचा करार झाला. कोरवा येथील संयुक्त कंपनीत भारतीय सरकारी कंपन्यांचा वाटा ५०.५ टक्के आहे. जुलै २०२४ पर्यंत ३५ हजार रायफली लष्कराला मिळाल्या होत्या. स्वयंचलित मारा, दुमडता दस्ता, साधने बसवण्याची पट्टी या जुन्या मागण्या ‘एके-२०३’मध्ये पूर्ण होतात.

परंतु रायफल नवी आली की तक्रारी संपतात असे नाही, त्यांचे स्वरूप बदलते. ‘सिग-७१६’चे उदाहरण घ्या. मोठ्या काडतुसामुळे धक्का जास्त आणि काडतुसांचे वजनही जास्त. तिच्या पूर्ण पल्ल्याचा फायदा रात्रीही घेता यावा यासाठी लागणाऱ्या दुर्बिणी वेगळ्या घ्याव्या लागल्या. त्यासाठीचा सुमारे ६५९ कोटी रुपयांचा करार ऑक्टोबर २०२५ मध्ये झाला. म्हणजे रायफलींचा पहिला करार झाल्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळाने. शिवाय आता लष्कराकडे तीन प्रकारची काडतुसे आहेत. प्रत्येकाचा पुरवठा, साठा आणि दर्जा स्वतंत्रपणे सांभाळावा लागणार आहे. उत्तम रायफलही सुमार काडतुसाने अडकते, हे ‘एम-१६’ने दाखवले आहे.

व्यवस्थेत काय बदलले आहे?

१ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित करून त्याच्या ४१ कारखान्यांच्या सात सरकारी कंपन्या करण्यात आल्या. रायफली बनवणारे कारखाने कानपूरच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया’कडे गेले. वरणगाव आणि खडकीसह दारूगोळ्याचे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या ‘म्युनिशन्स इंडिया’कडे आले. कंपनी म्हणून त्यांना ताळेबंद मांडावा लागतो, स्पर्धेत उतरावे लागते आणि निर्यातीचा ग्राहकही शोधावा लागतो. कामगार संघटनांनी या बदलाला कडाडून विरोध केला होता. स्पर्धेत सरकारी कारखान्यांचे काम कमी होईल, ही त्यांची भीती अद्याप पुरती दूर झालेली नाही.

दुसरा बदल खासगी उत्पादकांचा. जानेवारी २०२४ मध्ये पुण्यात सादर झालेली ‘उग्रम’ ही ७.६२ बाय ५१ मिमी रायफल एआरडीईने हैदराबादच्या एका खासगी कंपनीसोबत विकसित केली. चार किलोपेक्षा कमी वजन आणि ५०० मीटरचा पल्ला हे तिचे उद्दिष्ट. एआरडीईच्याच रचनेच्या ५.५६ मिमी कार्बाइनच्या निर्मितीत पुण्याची भारत फोर्ज उतरली आहे. ‘इन्सास’ कुटुंबातील कार्बाइन लष्कराने कधीच स्वीकारली नव्हती. ती उणीव पुण्यातील प्रयोगशाळेच्या रचनेवर खासगी कारखान्यातून भरली जाणे, हा या प्रवासातील लक्षणीय टप्पा आहे.

पुढे कशाकडे लक्ष ठेवायचे?

‘एके-२०३’ किमान दोन-तीन दशके भारतीय जवानाच्या हाती राहील. तिची मूळ रचना जगभर सिद्ध झालेली आहे. पण लडाख, थर, ईशान्येचे जंगल आणि सागरी किनारा अशा टोकाच्या हवामानांत भारतात बनलेली रायफल भारतात बनलेल्या काडतुसांसह कशी वागते, हे वापरातूनच कळेल. तेव्हा तीन गोष्टी महत्त्वाच्या ठरतील. तुकडीतील प्रत्येक बिघाडाची एकसारख्या नमुन्यात नोंद होते का? ती नोंद कारखान्याच्या अभियंत्यापर्यंत ठरावीक मुदतीत पोहोचते का? आणि दोष सिद्ध झाल्यास दुरुस्तीचा खर्च व जबाबदारी कोणाची, हे करारात स्पष्ट आहे का?

लष्करी शिस्तीत जवान आपल्या शस्त्राबद्दल चारचौघांत बोलत नाही. मोबाइल बिघडला तर ग्राहक मंचात जाता येते, रायफल बिघडली तर तो आपल्या वरिष्ठालाच सांगू शकतो. त्यामुळे त्याची तक्रार वरपर्यंत जाण्याची वाट अधिक सोपी आणि पक्की असायला हवी. कारगिलमध्ये तडकलेल्या मॅगझिनची नोंद वेळेत पाषाणच्या प्रयोगशाळेत आणि इशापूरच्या कारखान्यात पोहोचून कोणाच्या तरी नावावर पडली असती, तर ‘इन्सास’चा इतिहास कदाचित ‘एम-१६’सारखा सुधारणेचा झाला असता. नव्या रायफलीबाबत ही वाट आत्ताच, पहिल्या खेपा हाती येत असताना, बांधता येईल.